दुपट्ट्याखालचे बोट

नाडीवाला मोटारीचे बॉनेट कधी आधी उघडत नसे. तो इंजिन चालू ठेवायला सांगे, उजव्या हाताचे पहिले बोट धडधडत्या पत्र्यावर टेकवी आणि डोळे मिटून उभा राही. मालक शेजारी उभा राहून तक्रारींचा पाढा वाचत असे. चढावर दम लागतो, सकाळी उठत नाही, तेल पिते. नाडीवाला तिकडे लक्षच देत नसे. थोड्या वेळाने डोळे उघडून तो एवढेच विचारी, "परवाच्या दिशी कोनाले चालवाले देल्ली होती?" मालकाचा चेहरा उतरे, कारण परवा खरोखरच मेहुण्याने गाडी नेलेली असे. "मोटर खोटं बोलत नाई, बाप्पा," तो म्हणे, "मालक बोलते."

त्याचे खरे नाव भिवा. नाडीवाला हे नाव बडनेरा रोडवरच्या ट्रकवाल्यांनी ठेवले. त्या रोडवर अमरावतीत माझ्या वडिलांचा मोटार दुरुस्तीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे टिनाचे एक छप्पर, एक खड्डा आणि कडुनिंबाच्या फांदीला टांगलेली साखळी. भिवा परतवाड्याकडच्या एका खेड्यातून आला तेव्हा अठरा वर्षांचा होता, माझ्याच वयाचा. बाबांनी त्याला पहिल्या दिवशी एका ट्रकचे चाक हलवून पाहायला सांगितले. त्याने ते बोटाने हलवले आणि म्हणाला, "उस्ताद, आतलं बेअरिंग एका बाजूनं खाल्लं हाये." बाबांनी उघडून पाहिले. खाल्लेले होते. त्या दिवशी बाबा जेवताना हसत होते. ते मी क्वचितच पाहिले होते.

माझ्या हातांत ती गोष्ट नव्हती. मी नट आवळला की आटे जात, मी तेल बदलले की टाकीचे बूच विसरत असे. बोलण्यात मात्र मी पटाईत होतो. गिऱ्हाइकाला थोपवून धरणे, वसुलीला जाणे, ही कामे माझी. बाबा चारचौघांत म्हणत, "देवानं एकाले हात देल्ले, एकाले तोंड." ऐकणारे हसत. मीही हसत असे. हसताना मी भिवाकडे पाहत असे, तो हसतो का म्हणून. तो कधीच हसला नाही. त्याचाही मला राग येई.

चारचौघांत तो मला "भाऊ, तुमी" म्हणे. गाडीखाली दोघेच पडलो असलो की "तू" म्हणे. आमची मैत्री होती, हे मी नाकारत नाही. पण दुपारच्या चहाला बाबा बशीत अर्धा चहा ओतून बशी त्याच्याकडे सरकवत, आणि मी समोर बसलेलो असे. मला बाबांनी कधी बशी दिली नाही. माझ्यासाठी वेगळा कप यायचा, भरलेला. तो कप पिताना मला रोज वाटे की आपण पाहुणे आहोत.

घरी मात्र वेगळा कप त्याचा होता. आमच्या ओसरीच्या कोनाड्यात तो पालथा घातलेला असे. आई त्यात वरून चहा ओतायची. छप्पन साली भिवा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्यावर पहिल्याच दिवशी त्याने तो कप धुतला, पुसला आणि आईच्या हातात दिला. "काकू, हा आता कपाटात ठेवा. पाव्हन्याले होईन. मले पाह्यजे असंन तं म्या तुमच्यातलाच मागीन." आई कप हातात धरून उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने आमच्याच कपातून त्याला चहा दिला आणि त्यावर घरात कोणी एक शब्द बोलले नाही. मला त्याचे कौतुक वाटायला हवे होते. वाटले ते असे, की आई माझ्या बोलण्याने आजवर एवढी कधी गप्प झाली नव्हती.

त्याच सुमारास ती हिरवी गाडी आली. अकोल्याच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनच्या मालकाने तरुणपणी हौसेने घेतलेली विलायती टूरर, कापडी छपराची, तारांच्या चाकांची. लढाईच्या आधीपासून ती जिनात सरकीच्या पोत्यांमागे पडून होती. उंदरांनी गाद्या खाल्ल्या होत्या, लाकडी सांगाड्याला वाळवी होती, इंजिनात पाणी शिरून सगळे एकजीव झाले होते. ट्रकच्या मागे दोर बांधून मूर्तिजापूर, बडनेरा करत ती आमच्या दारात आली तेव्हा बाबा म्हणाले, "ही गाडी नाई, हे मढं हाये." भिवाने गंजलेल्या बॉनेटवर बोट ठेवले. इंजिन तर बंद होते. मी म्हणालो, "काय सांगते रे नाडी?" तो म्हणाला, "सांगत नाई. ऐकून राह्यली."

तीन वर्षे त्या गाडीचे काम चालले. शेठजींना घाई नव्हती. सांगाड्यासाठी भिवाने परतवाड्याहून मेळघाटचे सागवान स्वतः निवडून आणले. पितळी बुश मिळेना, तर जिनाच्या जुन्या यंत्रातून काढलेले पितळ कानसून बसवले. छप्पर तंबू शिवणाऱ्याकडून शिवून घेतले. रंगाचे सात हात दिले, प्रत्येक हातानंतर पाण्यात भिजवलेल्या घासकागदाने घासायचे आणि डोळे मिटून बोट फिरवायचे. बोट कुठे अडले की तेवढा भाग पुन्हा. बाबा खाटेवर बसून पाहत. त्यांची छाती तेव्हा भरू लागली होती. शेवटच्या आजारात त्यांना शुद्ध येई तेव्हा ते विचारत, "भिवा आला काय?" मी उशाशी बसलेलो असे. मी सांगे, "आला." ते डोळे मिटत.

बाबा गेले. घर आणि कारखान्याची जागा मला मिळाली. त्यांचे पाने, ते आयुष्यभर नट आवळून चांदीसारखे झालेले पाने, त्यांनी भिवाला देऊन टाकले होते. घर मिळाले याचे मला काही वाटले नाही. पाने त्याला मिळाले हे वर्षानुवर्षे टोचत राहिले. एक पानासुद्धा मला धड धरता येत नव्हता, तरी.

मी अकोल्याला कापसाच्या एका अडतीवर नोकरी धरली. बाजारात उघड बोली चाले आणि तिथे माझे तोंड कामी आले. टूररचे काम भिवाने एकट्याने पुरे केले. जुने शेठजी तिच्यातून दोन-चार महिनेच फिरले असतील, मग तेही गेले. मुलांनी जिन बुडवला. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी, कोर्टाच्या हुकमाने शेठजींच्या जिनगानीचा लिलाव जाहीर झाला. झुंबर, तिजोरी, यंत्रे आणि गाडी.

लिलावाच्या आदल्या संध्याकाळी भिवा माझ्या खोलीवर आला. अंगावर धुतलेला सदरा, खांद्यावर नवा दुपट्टा.

"गाडी घ्याची हाये," तो म्हणाला.

"कोनाले?"

"मले."

मी हसलो. तो खाली बसला.

"धाकट्याचं लगन हाये वैशाखात. आमच्या मामाले घोड्यावरून उतरवलं होतं पाटलाच्या दारापुढं, तुले सांगतलं होतं ना म्या? त्याच दारापुढून धाकटा या गाडीत बसून जाईन. मोटरीतून कोन उतरवते ते पाहू. मंग लग्नायले भाड्यानं फिरवीन. आमच्या वस्तीतल्या लग्नायले तेलाच्या खर्चात."

"मंग लाव बोली."

"म्या लावली तं दोन गोष्टी होतीन. नाई तं शेठ लोक हासतीन, नाई तं जिद्दीनं चढवतीन. हासले तं चालंन. जिद्द मले परवडत नाई. तू बोल माह्या जागी. तुह्यं तोंड चालते."

मी विचारले, कुठवर जायचे. तो म्हणाला, ते सांगणार नाही. "तोंडातून निघालेला आकडा फिरते. दुपट्ट्याखालचा फिरत नाई." परतवाड्याच्या बैलबाजारात तो लहानपणापासून वडिलांबरोबर जात आला होता. तिथे बैलाचा भाव तोंडाने होत नसे. दोघे दुपट्ट्याखाली हातात हात धरत आणि बोटे दाबून आकडा सांगत. बघणाऱ्याला फक्त हलणारे कापड दिसे. तसेच करायचे त्याने ठरवले होते. तो माझ्या शेजारी उभा राहील, दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकील. पहिले बोट तळहातात दाबले की आणखी पन्नास. मूठ मिटली की थांब.

"कोनत्या हाताचं बोट?" मी विचारले. कारण त्या वर्षी जॅक निसटून त्याच्या उजव्या हाताचे पहिले बोट ड्रमखाली आले होते. नख गेले होते आणि टोक महिनाभर बधिर होते.

"हेच," तो म्हणाला. "आता जाग आली त्याले." आणि त्याने ते माझ्या तळहातात दाबून दाखवले. चांगले लागले. रंग तपासताना फिरवी तसे, नेमके.

त्या आकड्याचा मला राग आला होता, हे सांगायला हवे. मला, उस्तादांच्या मुलाला, त्याने आकडा सांगितला नाही.

सकाळी जिनाच्या आवारात बरीच माणसे जमली होती. कोर्टाचा नाझर खुर्चीवर, मागे गाडी. तिला उन्हात तशी उभी मी प्रथमच पाहत होतो. मी वाईट बोलायला तोंड उघडले असते तरी शब्द सापडला नसता. शेठजींचे जुने मुनीम लोकांना सांगत होते, "अमरावतीच्या उस्तादांचं काम आहे हे. आता असं काम होणार नाही." कापडाचे एक मोठे व्यापारी पुढे आले, मडगार्डवरून हात फिरवला आणि भिवाकडे बोट करून म्हणाले, "हा उस्तादांचा मुलगा काय?"

भिवा पटकन म्हणाला, "नाई नाई, शेठ. उस्तादायचे चिरंजीव हे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. माझे स्वच्छ धोतर, माझी बोटे. व्यापारी मोकळेपणाने हसले. "हे? यांच्या नखात तं तेलाचा थेंब नाही!" पाच-पंचवीस माणसे हसली. भिवाने मान खाली घातली, माझ्यासाठी शरमून. त्याचे ते शरमणे मला हसण्यापेक्षा जास्त लागले.

बोली सुरू झाली. एक हॉटेलवाला, एक कंत्राटदार, ते व्यापारी आणि मी. दुपट्ट्याखाली भिवाचा हात माझ्या हातात होता, घामेजलेला. बोट दाबले जाई, मी बोले. हॉटेलवाला गळला. कंत्राटदार गळला. व्यापारी चढत होते, पण दर वेळी जरा उशिराने. बाजारात राहून मला एवढे कळत होते की हा माणूस आता एक-दोन पायऱ्यांत थांबणार.

त्यांनी दोन हजार म्हटले. त्यांच्या आवाजात आधीची हौस राहिली नव्हती.

"दोन हजार, एक वार," नाझर म्हणाला.

बोट दाबले गेले. मी बोललो नाही.

मला ठरवून काही करायचे नव्हते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. ते खरे नाही. तेवढ्या क्षणात मी पुष्कळ विचार केला. ही गाडी याच्याकडे गेली की अमरावतीच्या प्रत्येक लग्नात लोक म्हणतील, उस्तादांचा वारसा यानं चालवला. असा विचार केला, पूर्ण वाक्यात.

"दोन वार."

बोट पुन्हा दाबले गेले, जोराने. मग तिसऱ्यांदा, आणि ते दाबलेलेच राहिले. मी समोर नाझराच्या चष्म्याकडे पाहत होतो. भिवा माझ्याकडे वळला, हे मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. ओरडला असता तर गाडी त्याची होती. तो ओरडला नाही. बोली माझ्या तोंडाची ठरली होती आणि ठरलेले मोडणारा तो माणूस नव्हता.

"तीन वार."

लोक पांगल्यावर त्याने विचारले, "काहून रे?"

"मले लागलंच नाई," मी म्हणालो. "मले वाटलं तू थांबला."

"तीनदा दाबलं म्या."

"नाई लागलं, भिवा." आणि मग, कोणी विचारले नसताना, मी म्हणालो, "तुह्यं ते बोट… अजून सुन्न असंन."

हे वाक्य मी कसे शोधून काढले, कोणास ठाऊक. माझे तोंड खरेच चालत होते.

त्याने बोटाकडे पाहिले. शेजारच्या भिंतीवर ते दाबले, मग अंगठ्यावर, मग स्वतःच्या गालावर. "लागते तं," तो पुटपुटला. मग म्हणाला, "पन मले लागते, तुले नाई लागलं. असंन बाप्पा." स्टेशनवर त्यानेच मला चहा पाजला. माझा चेहरा पाहून म्हणाला, "तू कायले मन खट्टू करतं? तुही काय चूक?" बडनेऱ्याची गाडी आली. तो खिडकीत बसला आणि गजांवर एकेक करून ते बोट टेकवू लागला. गाडी हलली तरी तो तेच करत होता.

वैशाखात त्याच्या भावाचे लग्न झाले. आमंत्रण आले होते. मी गेलो नाही. वरात कशी निघाली, कोणाच्या दारापुढून गेली, हे विचारण्याचे धाडस मला कधी झाले नाही. हिरवी गाडी मात्र अकोल्यात मला बरीच वर्षे दिसत राहिली. व्यापाऱ्याचा मुलगा ती दामटत असे. ती दिसली की मी रस्ता बदले.

चार-पाच वर्षांनी कामानिमित्त परतवाड्याला गेलो तेव्हा भिवा तिथल्या एका ट्रकमालकाकडे मिस्त्री होता. खड्ड्यातून वर येऊन त्याने मला मिठी मारायला हात पसरले, मग तेल लागेल म्हणून मागे घेतले. काम पाहत बसलो. त्याने एक चाक बसवले, नट आवळले आणि शेजारच्या मिस्त्रीला हाक मारली, "महादेव, पाहून घे बरं." महादेवने प्रत्येक नट पुन्हा आवळून पाहिला. एकही ढिला नव्हता. दुसऱ्या चाकाला पुन्हा तेच. इंजिन चालू झाले तेव्हा मी वाट पाहिली. त्याने बॉनेटवर बोट ठेवले नाही. महादेवला विचारले, "काय वाटते तुले?"

मी विचारले, हे काय?

तो हसून म्हणाला, "माह्यं बोट खोटं बोलते, भाऊ. अकोल्यात पाह्यलं ना तुमी." तो "तुमी" म्हणाला, कारण महादेव शेजारी होता.

तिथे मी सांगू शकलो असतो. दोन वाक्ये होती. आणि आता खरे तेच लिहायचे तर लिहितो: त्या खड्ड्याच्या काठावर बसून मला दुःख झाले नाही. प्रथम बरे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघे सारखे झालो होतो. दुःख नंतर झाले, आणि तेही मुक्कामी पोचल्यावर, जेव्हा ते त्याला सांगायची सोय उरली नव्हती.

सत्तर साल उजाडण्याआधीच काविळीने तो गेला. मी मातीला गेलो होतो. लोक म्हणत होते, मोठा कारागीर होता, पण मध्येच हात गेला बिचाऱ्याचा. मी मान हलवली.

त्यानंतर किती वर्षे गेली ते मोजत नाही. गेल्या हिवाळ्यात मी अमरावतीला भिवाच्या बायकोला, वहिनींना, भेटायला गेलो. वहिनी आता मुलीकडे राहतात. मुलगी शाळेत शिक्षिका आहे. लिलावाच्या पुढच्या वर्षी जन्मलेली. तिने खुर्ची दिली, पाणी दिले. मी सगळे सांगितले. एक वार, दोन वार, तीन वार. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "म्हंजे बोट चांगलं होतं त्यायचं?"

"हो."

"सुरुवातीपासून?"

"हो, वहिनी."

त्यांनी मुलीकडे हात केला. "ही झाली ना, भाऊजी, तवा त्यायनं इले उभ्यानं कधी घेतलं नाई. आधी खाली बसत. भिंतीले पाठ लावत. मंग म्हनत, आता ठेव मांडीवर. म्या म्हनो, अवो लेक हाये तुमची, घ्या ना उचलून. तं म्हनत, नको, माह्या हातातून सुटन. थे चालाले लागली, तईपर्यंत."

मुलगी आत निघून गेली. मी हात जोडले. काय म्हणालो ते आठवत नाही. माफीचेच काहीतरी असणार.

"माफी-बिफी माह्यापाशी नाई," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "थे द्याले थो मानूस पाह्यजे होता. तुमी लिहून द्या. तुमाले लिहिता येते. त्यायचं नाव टाकून लिहा, आन् जे जे त्यायले वळखत होते, त्यायले वाचाले द्या."

म्हणून हे लिहिले आहे. बडनेरा रोडवरचे जुने ट्रकवाले, परतवाड्याचा महादेव असेल तर महादेव, वैशाखातल्या त्या लग्नाची मंडळी, ज्यांनी ज्यांनी भिवाच्या तोंडून ऐकले असेल की माझे बोट खोटे बोलते, त्यांना कळावे: त्या दिवशी बोट तीनदा दाबले गेले होते. तिन्ही वेळा मला स्पष्ट लागले होते.